उबुंटूवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही तेव्हा: कोणती गोष्ट आधी तपासायची, कोणती नंतर

उबुंटू किंवा डेबियनवर इन्स्टॉलेशन अडलं की बहुतेक जण पडद्यावरची शेवटची ओळ कॉपी करून शोधतात. ती ओळ बहुतेक वेळा एकच असते: ‘सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड अ‍ॅन एरर कोड (१)’. (अ‍ॅप्ट ही पॅकेजेस शोधून आणणारी कमांड, डीपीकेजी हे ती उघडून बसवणारं साधन.) तिचा अर्थ फक्त ‘काम झालं नाही’ एवढाच आहे, त्यामुळे तिच्यावर सापडलेले उपाय भलत्याच बिघाडांचे असतात. ते एकामागून एक चालवले की मूळ बिघाड छोटा असला तरी सिस्टिम खरोखर मोडते. खरं कारण त्या ओळीच्या बरंच वर असतं आणि ते सोडवण्याला एक ठरलेला क्रम आहे. आधी मशीन, मग लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप), मग अर्धवट राहिलेलं काम, मग सोर्स (पॅकेजेस जिथून येतात ते साठे), आणि अवलंबित्वाचा (एका पॅकेजला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजेसचा) गुंता त्यानंतर. क्रम मोडला तर बरोबर उपायही लागू पडत नाही.

उदाहरणं उबुंटू २२.०४ आणि २४.०४ ची आहेत. डेबियन आणि मिंटवरही जवळपास हेच चालतं. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. ‘मोठं’ असं लिहिलेलं नसेल तिथे अक्षर लहान लिपीतलं समजायचं.

## ० : हात लावण्याआधीची तयारी

पूर्ण आउटपुट जपून ठेवा. टर्मिनल बंद झालं असेल तरी त्यातलं बरंचसं गेलेलं नसतं. इन्स्टॉल होताना डीपीकेजीने पडद्यावर जे छापलं ते /व्हार/लॉग/अ‍ॅप्ट/टर्म.लॉग या फाइलमध्ये तारीखवार असतं, आणि कोणती कमांड चालली व कोणती पॅकेजेस बदलली हे शेजारच्या हिस्टरी.लॉग मध्ये. टर्म.लॉग मध्ये शेवटच्या ‘लॉग स्टार्टेड’ पासून खाली वाचत या आणि ‘एरर’, ‘फेल्ड’ किंवा ‘डिपेंड्स’ हा शब्द जिथे पहिल्यांदा येईल ती ओळ उतरवून घ्या. पुढचा सगळा शोध त्या ओळीवरून करायचा.

सिस्टिमची भाषा मराठी असेल तर काही संदेश मराठीत येतात आणि त्यांवर शोधून फारसं काही हाती लागत नाही. तेवढ्यापुरती कमांड अशी द्या:

एलसी_ऑल=सी सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल पॅकेजचं-नाव

एलसी_ऑल आणि सी ही दोन्ही मोठ्या लिपीत. संदेश इंग्रजीत येतील, सिस्टिमची भाषा बदलणार नाही.

पुढची गोष्ट म्हणजे सोर्सच्या फाइलींची प्रत:

सुडो सीपी -ए /ईटीसी/अ‍ॅप्ट /रूट/अ‍ॅप्ट-बॅकअप

दोन सेकंदांचं काम आहे, पण सोर्स बदलताना चुकलात तर परत फिरायला हीच प्रत उपयोगी पडते.

इशारा: ‘वाय’ दाबण्याआधी ‘द फॉलोइंग पॅकेजेस विल बी रिमूव्ह्ड’ ही यादी वाचा. तिच्यात उबुंटू-डेस्कटॉप, जीडीएम३ किंवा नेटवर्क-मॅनेजर दिसलं तर ‘एन’ दाबा आणि थांबा. अत्यावश्यक पॅकेज काढायची वेळ आली की अ‍ॅप्ट ‘येस, डू अ‍ॅज आय से!’ असं पूर्ण वाक्य टाइप करायला लावतं किंवा सरळ नकार देतं. ते वाक्य कधीही टाइप करू नका. शंका असेल तर आधी ‘अ‍ॅप्ट -एस इन्स्टॉल पॅकेजचं-नाव’ चालवा. ही नुसती रंगीत तालीम आहे, प्रत्यक्षात काहीच बदलत नाही.

## १ : मशीनची चार मूलभूत तपासण्या

डिस्क. ‘डीएफ -एच’ चालवून ‘/’, ‘/व्हार’ आणि ‘/बूट’ वेगवेगळे पाहा. ‘/’ मध्ये भरपूर जागा असते आणि तरी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं, याचं नेहमीचं कारण म्हणजे भरलेलं ‘/बूट’. एन्क्रिप्शन घेऊन केलेल्या इन्स्टॉलेशनमध्ये ‘/बूट’ वेगळं आणि लहान असतं, आणि जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) साचत गेले की ते भरतं. उपाय:

सुडो अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज

जागाच नसल्यामुळे तेही अडलं, तर ‘यूनेम -आर’ ने सध्या चालू असलेला कर्नल पाहा. त्याव्यतिरिक्त सर्वात जुन्या कर्नलची इनिटआरडी.आयएमजी फाइल ‘/बूट’ मधून होम फोल्डरमध्ये हलवा, म्हणजे पुढच्या कामापुरती जागा होईल. चालू कर्नलच्या फाइलीला हात लावायचा नाही. ‘/’ भरलं असेल तर ‘सुडो अ‍ॅप्ट क्लीन’ ने आधी डाउनलोड झालेली पॅकेजेस जातात आणि त्याने काहीही बिघडत नाही. डीएफ -एच मध्ये जागा दिसूनही तक्रार कायम असेल तर ‘डीएफ -आय’ पाहा. असंख्य छोट्या फाइलींनी आयनोड (फाइलींच्या नोंदीच्या जागा) संपले असतील.

घड्याळ. ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ म्हणजे मशीनचं घड्याळ मागे आहे. मदरबोर्डची बॅटरी संपलेल्या जुन्या मशीनवर हे हमखास होतं. वेळेत बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर विंडोज आणि लिनक्स शेजारीशेजारी आहेत असं समजा. विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवतं. ‘टाइमडेटसीटीएल’ ने पाहा आणि दुरुस्त करा:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू

नेटवर्क. ब्राउझर चालतो म्हणून अ‍ॅप्ट चालेल असं नाही. कॉलेज किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाताना मध्ये बसणारा सर्व्हर) असेल तर ती अ‍ॅप्टला वेगळी सांगावी लागते. उलट बाजूही पाहा. ऑफिसात टाकलेली प्रॉक्सी /ईटीसी/अ‍ॅप्ट/अ‍ॅप्ट.कॉन्फ.डी मध्ये तशीच राहते आणि घरी आल्यावर काहीच डाउनलोड होत नाही.

आवृत्ती. ‘एलएसबी_रिलीज -ए’ चालवा. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ आधाराच्या) आवृत्त्यांना पाच वर्षं प्रमाणित आधार मिळतो, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. मधली आवृत्ती संपली की तिची पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात हलवली जातात. मग प्रत्येक सोर्सवर ‘४०४ नॉट फाउंड’ येतं आणि माणूस आपलं इंटरनेट तपासत बसतो. अशा वेळी एकेका पॅकेजच्या मागे न लागता पूर्ण सिस्टिम पुढच्या आवृत्तीवर न्यायची.

पडताळणी: जागा आहे, वेळ बरोबर आहे, नेटवर्क ठीक आहे, आवृत्ती चालू आहे. यातली एक जरी गोष्ट नसेल तरी पुढे जाऊ नका.

## २ : लॉक

‘कुड नॉट गेट लॉक /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड. इट इज हेल्ड बाय प्रोसेस २१५४ (अनअटेंडेड-अपग्र)’ असा संदेश आला तर त्यातच उत्तर आहे. मशीन सुरू झाल्यावर आपोआप होणारं सुरक्षा अपडेट चालू आहे. थांबा. नेट हळू असेल तर अर्धा तासही लागू शकतो.

इथे सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लॉकची फाइल डिलीट करणं. ती फाइल तिथे असणं म्हणजे लॉक लागणं नव्हे. काहीही चालू नसतानाही ती जागेवर असते आणि असायलाच हवी. खरं कुलूप कर्नलकडे, ती फाइल उघडून बसलेल्या प्रोसेसच्या नावावर असतं. फाइल उडवली की पहिली प्रोसेस जुन्या फाइलीवरचं कुलूप धरून बसते, तुमची कमांड त्याच नावाची नवी फाइल बनवून तिच्यावर दुसरं कुलूप लावते, आणि दोघी एकाच वेळी /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस मध्ये लिहायला लागतात. कोणतं पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे याची सगळी नोंद त्या एकाच फाइलीत असते.

क्रम असा ठेवा:

१. संदेशातला क्रमांक घेऊन ‘पीएस -पी २१५४’ ने प्रोसेस जिवंत आहे का पाहा.
२. दुसऱ्या एखाद्या टर्मिनलमध्ये किंवा सॉफ्टवेअर सेंटरच्या खिडकीत प्रश्न अडकून पडलाय का पाहा. ‘कॉन्फिगरेशन फाइल बदलू का?’ हा प्रश्न उत्तराची वाट पाहत तासन्‌तास बसतो.
३. प्रोसेस खरोखरच गोठली असेल तर ‘सुडो किल २१५४’. -९ लावू नका. साध्या किलने प्रोसेसला आवराआवर करायची संधी मिळते.
४. तरीही नाही, तर मशीन नीट रीस्टार्ट करा. कुलूप प्रोसेसबरोबर जातं, फाइल राहिली तरी चालते.

## ३ : अर्धवट राहिलेलं काम

वीज गेली, लॅपटॉप मिटला, एसएसएच (दूरच्या मशीनशी जोडणी) तुटलं, की काही पॅकेजेस उघडलेली पण न जुळवलेली राहतात. ती तशी असताना नवं काही टाकायला गेलात तर त्यांची जुनी तक्रार नव्या पॅकेजच्या नावावर दिसते. म्हणून ही पायरी सोर्स तपासण्याच्या आधी येते.

सुडो डीपीकेजी --कन्फिगर -ए
सुडो अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

याच क्रमाने. पहिली कमांड उघडलेल्या पॅकेजेसची जुळवणी पुरी करते, दुसरी राहिलेली आणते. मग ‘डीपीकेजी --ऑडिट’ चालवा. काहीच छापलं नाही तर सगळं ठीक आहे.

पहिली कमांड एखाद्या पॅकेजवर ‘पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट ... एक्झिट स्टेटस १’ म्हणून थांबली तर त्या पॅकेजची स्क्रिप्ट अपयशी झाली आहे. अशा वेळी /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मधली ती स्क्रिप्टच डिलीट करायचा सल्ला फार फिरतो. त्याने चूक दिसेनाशी होते, पण वापरकर्ता तयार होणं, सर्व्हिस नोंदणं, परवानग्या लावणं ही स्क्रिप्टने करायची कामं कधीच होत नाहीत.

उदाहरणार्थ, अपाची चालू असलेल्या मशीनवर दुसरा वेब सर्व्हर टाकला. दोघांनाही ८० क्रमांकाचा पोर्ट हवा, म्हणून दुसऱ्याची सर्व्हिस उठत नाही आणि जुळवणी तिथेच अडू शकते. ‘जर्नलसीटीएल -एक्सईयू सर्व्हिसचं-नाव’ मध्ये ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ दिसतं, आणि ‘सुडो एसएस -एलटीएनपी’ पोर्ट कोणी धरलाय ते दाखवतं. तो मोकळा करा किंवा नव्या सर्व्हरला दुसरा पोर्ट द्या, आणि पुन्हा डीपीकेजी --कन्फिगर -ए. पॅकेजमध्ये दोष नव्हताच.

## ४ : सोर्स

आता ‘सुडो अ‍ॅप्ट अपडेट’. ही कमांड काहीही इन्स्टॉल करत नाही, फक्त याद्या ताज्या करते. नव्या मशीनवर ती चालवली नसेल तर साधं पॅकेजही ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ म्हणतं. याद्या जुन्या असतील तर सर्व्हरवरून केव्हाच हटलेली आवृत्ती मागितली जाते आणि एखाद्याच फाइलला ४०४ येतं.

आउटपुटमधल्या ‘डब्ल्यू’ आणि ‘ई’ ने सुरू होणाऱ्या ओळी वाचा. ‘एन’ ही नुसती सूचना असते. होम फोल्डरमधली फाइल टाकताना येणारी ‘अनसँडबॉक्स्ड’ची सूचना सोडून द्यायची.

‘डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल’. जोडलेल्या पीपीएमध्ये (उबुंटूबाहेरच्या कोणीतरी चालवलेल्या सोर्समध्ये) तुमच्या आवृत्तीसाठी काही नाही. ‘नोबल’च्या (२४.०४ चं सांकेतिक नाव) जागी ‘जॅमी’ (२२.०४ चं) लिहून वेळ मारून नेऊ नका. २२.०४ साठी बांधलेली पॅकेजेस २४.०४ वर आली की पुढच्या पायरीतला गुंता इथूनच सुरू होतो. तो सोर्स बंद करा: .लिस्ट फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला हॅश, .सोर्सेस फाइलमध्ये ‘एनेबल्ड: नो’. २४.०४ मध्ये मूळ सोर्स /ईटीसी/अ‍ॅप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी/उबुंटू.सोर्सेस या फाइलीत गेले आहेत. जुन्या सोर्सेस.लिस्ट मध्ये ते पुन्हा लिहिले तर सगळं दुप्पट होतं.

‘नो_पबकी’. सोर्सची सही तपासणारी किल्ली नाही, किंवा आहे पण वाचता येत नाही. जुन्या लेखांतली अ‍ॅप्ट-की ही कमांड आता वापरायची नाही. किल्ली /ईटीसी/अ‍ॅप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवा आणि सोर्समध्ये ‘साइन्ड-बाय’ ने तिचा मार्ग द्या. दोन गोष्टी हमखास चुकतात. किल्ली मजकूर स्वरूपात असेल तर फाइलनावाचा शेवट .एएससी हवा, बायनरी असेल तर .जीपीजी. आणि परवानगी ६४४ हवी, कारण अ‍ॅप्ट ती रूट म्हणून न वाचता ‘_अ‍ॅप्ट’ या मर्यादित वापरकर्त्याच्या नावाने वाचतं.

‘हॅश सम मिसमॅच’. मधल्या प्रॉक्सीने जुनी प्रत दिली किंवा मिरर (मूळ सर्व्हरची नक्कल) अर्धवट ताजा झालाय. थोडा वेळ थांबून पुन्हा पाहा. तरी येत असेल तर याद्या पुसून नव्याने आणा:

सुडो आरएम -आर /व्हार/लिब/अ‍ॅप्ट/लिस्ट्स
सुडो अ‍ॅप्ट अपडेट

इशारा: मार्ग /व्हार/लिब/अ‍ॅप्ट/लिस्ट्स आहे. /व्हार/लिब/डीपीकेजी पुसलंत तर काय काय इन्स्टॉल आहे हेच सिस्टिमला कळणार नाही. स्टेटस फाइल बिघडलीच असेल तर तिच्या जुन्या प्रती /व्हार/बॅकअप्स मध्ये डीपीकेजी.स्टेटस या नावाने सापडतात.

## ५ : अवलंबित्वाचा गुंता

‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ हा संदेश दिशाभूल करतो. बहुतेक वेळा काहीच होल्ड केलेलं (आहे त्या आवृत्तीवर रोखून धरलेलं) नसतं आणि काही मोडलेलंही नसतं. मागितलेल्या पॅकेजला हवी ती आवृत्ती मिळत नाहीये, एवढंच अ‍ॅप्टला सांगायचं असतं. खरी माहिती त्याच्या वरच्या ओळीत असते. समजा ती अशी आहे:

लिबएक्स-डेव्ह : डिपेंड्स: लिबएक्स (= १.२-३) बट १.२-३.१ इज टू बी इन्स्टॉल्ड

लगेच विचारा:

अ‍ॅप्ट पॉलिसी लिबएक्स

‘इन्स्टॉल्ड’ म्हणजे आत्ता काय आहे, ‘कँडिडेट’ म्हणजे अ‍ॅप्ट काय घेईल, आणि खाली आवृत्त्यांचा तक्ता असतो, प्रत्येकीसमोर ती कुठून येते ते. नेहमीच्या सोर्सपुढे ५०० हा प्राधान्याचा आकडा असतो. एखाद्या आवृत्तीपुढे फक्त ‘१०० /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ एवढंच असेल, तर ती मशीनवर आहे पण आता कोणत्याही सोर्समध्ये नाही. गुंत्याचं मूळ बहुधा तीच असते.

वरच्या उदाहरणात १.२-३.१ ही ‘अपडेट्स’ विभागातून आलेली आवृत्ती आहे, आणि नंतर कोणीतरी सोर्समधून ‘अपडेट्स’ व ‘सिक्युरिटी’ काढून टाकलेत. डेव्ह पॅकेजला लायब्ररीची तंतोतंत स्वतःच्याच क्रमांकाची आवृत्ती लागते, पण १.२-३.१ शी जुळणारी त्याची प्रत बंद केलेल्या विभागात आहे. ते दोन विभाग पुन्हा सुरू करा, अ‍ॅप्ट अपडेट करा, गुंता सुटतो. लायब्ररी जबरदस्तीने काढून जुनी टाकायला गेलात तर तिच्यावर उभे असलेले डझनभर प्रोग्रॅम ‘रिमूव्ह्ड’च्या यादीत येतात.

जास्तीची आवृत्ती पीपीएमधून आली असेल तर पीपीए-पर्ज नावाचं छोटं साधन त्या पीपीएची सगळी पॅकेजेस मूळ आवृत्तीवर आणतं. सोर्स नुसता बंद केला तर आलेली पॅकेजेस तशीच राहतात, हे लक्षात न आल्यामुळे हा गुंता महिनोन्‌महिने टिकतो. शिवाय ‘अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड’ आणि /ईटीसी/अ‍ॅप्ट/प्रेफरन्सेस.डी एकदा पाहून घ्या. कधीतरी स्वतःच केलेलं होल्ड निघू शकतं.

‘डिफर्ड ड्यू टू फेजिंग’ असं दिसलं तर ती चूक नाही. उबुंटू काही अपडेट्स टप्प्याटप्प्याने सोडतं. तुमची पाळी आली की ती आपोआप येतील.

डाउनलोड केलेली .डेब फाइल. ‘डीपीकेजी -आय’ अवलंबित्व आणत नाही, अ‍ॅप्ट आणतं. फाइल असलेल्या फोल्डरमध्ये:

सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल ./फाइल.डेब

सुरुवातीचं ‘./’ विसरलं की अ‍ॅप्ट ते पॅकेजचं नाव समजून आपल्या याद्यांत शोधतं.

२४.०४ वर दोन तक्रारी सारख्या येतात. एक: ‘लिबएसाउंड२’ला ‘नो इन्स्टॉलेशन कँडिडेट’. ३२ बिटच्या वेळगणनेची मर्यादा २०३८ साली संपते, तिच्या तयारीत बऱ्याच लायब्ररींच्या नावापुढे ‘टी६४’ जोडलं गेलं. म्हणून लिबएसाउंड२टी६४ मागा. दुसरी: ‘लिबएसएसएल१.१’ मिळत नाही. २२.०४ पासून ओपनएसएसएल ३ आहे. जुन्या आवृत्तीच्या साठ्यातून १.१ ची .डेब ओढून आणणारे पुष्कळ आहेत, पण ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. इंटरनेटशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमखाली ती लायब्ररी ठेवायची नाही. त्या प्रोग्रॅमची नवी .डेब शोधा, नसेल तर तो जुन्या उबुंटूच्या कंटेनरमध्ये (सिस्टिमपासून अलग ठेवलेल्या वातावरणात) चालवा.

‘ट्राइंग टू ओव्हरराइट’. एकच फाइल दोन पॅकेजेसना हवी आहे. ‘डीपीकेजी -एस फाइलचा-मार्ग’ (इथे एस मोठं) मालक सांगतं. दोन्हींपैकी एक निवडा. --फोर्स-ओव्हरराइट वापरलं तर पुढे एक पॅकेज काढताना दुसऱ्याची फाइलही जाऊ शकते.

## ६ : इन्स्टॉल झालं, पण चालत नाही

‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. पॅकेजचं आणि कमांडचं नाव एकच असेल असं नाही. ‘डीपीकेजी -एल पॅकेजचं-नाव’ (इथेही एल मोठं) सगळ्या फाइली दाखवतं, त्यात /यूएसआर/बिन खालचं नाव पाहा. बॅट हे पॅकेज बॅटकॅट या नावाने चालतं, एफडी-फाइंड हे एफडीफाइंड या नावाने. नाव बरोबर असूनही सापडत नसेल तर त्याच टर्मिनलमध्ये ‘हॅश -आर’ करा. स्नॅप (उबुंटूचा दुसरा पॅकेज प्रकार) पहिल्यांदाच टाकलं असेल तर एकदा लॉगआउट करून परत या.

पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या साधनाने) ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट’ म्हटलं तर सिस्टिमचं पायथन अ‍ॅप्टच्या ताब्यात आहे. उबुंटूची कितीतरी साधनं त्या पायथनवर चालतात. सुडो लावून --ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस देणं म्हणजे त्यांच्याखालच्या लायब्ररी बदलणं. प्रकल्पासाठी वेगळं वातावरण करा:

पायथन३ -एम व्हीएन्व्ह माझं-काम

त्याआधी पायथन३-व्हीएन्व्ह हे पॅकेज अ‍ॅप्टने टाकावं लागतं. एखादं सुटं साधनच हवं असेल तर पिपएक्स वापरा.

शेवटची पडताळणी: ‘सुडो अ‍ॅप्ट अपडेट’ मध्ये ‘ई’ची एकही ओळ नाही, ‘डीपीकेजी --ऑडिट’ गप्प आहे, आणि ‘सुडो अ‍ॅप्ट-गेट चेक’ तक्रार करत नाही. तिन्ही जमलं की बंद केलेले सोर्स एकेक करून सुरू करा, प्रत्येकानंतर अपडेट चालवा. ज्याच्यानंतर चूक परत येईल तो सोर्स कायमचा काढून टाका.